जुन्या कॉलेज फुटबॉल संघाचा एक हंगाम कागदावर कसा उभा करावा

बडोदे कॉलेजच्या एखाद्या जुन्या फुटबॉल संघाचा संपूर्ण हंगाम, म्हणजे तो कोणाशी खेळला, कोणत्या तारखांना खेळला, कोणते अकरा जण मैदानात उतरले आणि निकाल काय लागला, हे सारे आज बऱ्याच अंशी नव्याने जुळवता येते. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. वेळ लागतो, चिकाटी लागते आणि कामाचा क्रम नीट धरावा लागतो. बहुतेक जण आजोबांच्या आठवणीतील एखाद्या गाजलेल्या गोलापासून सुरुवात करतात आणि त्या गोलाला शोभेल असा हंगाम त्याच्याभोवती रचत जातात. माझा आग्रह याच्या उलट आहे. आधी दिनदर्शिका उभी करावी, मग सामने बसवावेत, त्यानंतर माणसे, आणि गाजलेले गोल सर्वांत शेवटी. चौकट पक्की असली की सुटा पुरावा आपापल्या जागी बसतो, आणि जो बसत नाही तो कुठे अडतो आहे हेही लवकर लक्षात येते.

सुरुवातीला एकच वर्ष निवडावे. संपूर्ण कॉलेजचा क्रीडा-इतिहास लिहायचा, असा संकल्प करून बसलेली माणसे दोन महिन्यांत थकतात, कारण प्रत्येक वर्षाचे कागद वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या अवस्थेत असतात. नवख्या माणसाने 1920 ते 1949 या काळातील एखादे वर्ष घ्यावे, असे मी सुचवीन. त्याआधीचा काळ मोहक खराच. 1881 मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात अरविंद घोष शिकवत होते ते दिवस कोणाला आकर्षित करणार नाहीत? पण त्या काळातील खेळांच्या नोंदी तुटक आहेत आणि घरोघरच्या आठवणी तर पुसल्याच गेल्या आहेत. 1949 हे दुसरे टोक असण्याचे कारण सरळ आहे. 30 एप्रिल 1949 रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि कॉलेज ज्या मुंबई विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळत होते ती व्यवस्थाच बदलली.

हंगामाची चौकट

पश्चिम भारतात फुटबॉल हा पावसाळ्यातील खेळ होता. मुंबईतील रोव्हर्स कप, जो 1891 पासून चालत आला, किंवा तेथील हारवूड लीग, यांचा जीव पावसाच्या महिन्यांतच होता. मैदाने मऊ असत, पडले तरी फारसे लागत नसे आणि क्रिकेटला खेळपट्टी मिळत नसल्याने मैदान मोकळे असे. कॉलेजचे पहिले सत्र जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपूर्वी संपत असल्याने फुटबॉलचा हंगाम त्या सत्रात आणि क्रिकेटचा त्यानंतरच्या सत्रात, अशी वाटणी आपोआप होत गेली. म्हणून कामाचा पहिला कागद असा करावा: निवडलेल्या वर्षाच्या 1 जूनपासून 31 ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक दिवसासाठी एक ओळ, त्यात वार, तिथी आणि सुट्टी. त्या वर्षाचे पंचांग मिळवून गोकुळाष्टमी, गणेशोत्सव, पितृपक्ष, दसरा आणि मोहरम यांच्या तारखा भरून घ्याव्यात. पुढे एखादी तारीख वर्तमानपत्रात अस्पष्ट छापलेली सापडली की याच कागदावरून ती निश्चित करता येते, कारण बातमीत तारीख नसली तरी वार बहुधा असतो.

वर्षाच्या आकड्याबाबत मात्र फार सावध राहावे लागते. बडोदे संस्थानचे सरकारी वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपत असे. म्हणजे फुटबॉलचा एकच हंगाम संस्थानच्या दोन वार्षिक अहवालांत विभागला जातो: जून आणि जुलैचे सामने एका अहवालाच्या शेपटीला, आणि ऑगस्टपासूनचे सामने पुढच्या अहवालाच्या आरंभी. 1927 चे उदाहरण घ्या. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस गुजरातेत अतिवृष्टी होऊन बडोद्याच्या विश्वामित्री नदीला मोठा पूर आला. हा पूर 1926-27 च्या अहवालाच्या काळात येतो, तर पुरानंतर ऑगस्टमध्ये जे काही पुन्हा सुरू झाले ते 1927-28 च्या अहवालाच्या काळात. ज्याने केवळ एकच अहवाल पाहिला त्याला अर्धा हंगाम दिसतो आणि संघाने यंदा फारसे खेळलेच नाही, असा त्याचा समज होतो. कॉलेजचे वर्ष जून ते मार्च, सरकारचे ऑगस्ट ते जुलै, आणि इंग्रजी वर्ष जानेवारी ते डिसेंबर. या तिन्ही मोजपट्ट्या त्या पहिल्या कागदाच्या समासात शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.

गुजराती कागदांत विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकापासून बदलतो. मराठी कागदांत शके असतो आणि तो चैत्रात बदलतो. पावसाळ्यातील तारखांपुरता हिशेब सोपा आहे. संवतातून 56 वजा करावेत किंवा शकात 78 मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो. दिवाळीनंतरच्या आणि डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना मात्र संवतातून 57 वजा करावे लागतात. महिन्यांची नावे मराठी आणि गुजराती पंचांगांत जुळतात, ही त्यातल्या त्यात मोठी सोय आहे.

याच कागदावर त्या वर्षीच्या मोठ्या अडथळ्यांची नोंद करावी. 1918 च्या पावसाळ्याच्या शेवटी इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट आली होती, तेव्हा त्या वर्षी सप्टेंबरनंतर सामने आढळले नाहीत तर नोंदी हरवल्या असे समजू नये. 1942 च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ चळवळीत विद्यार्थी उतरले, आणि 18 ऑगस्टला आणंदजवळच्या अडास स्टेशनवर बडोद्याहून गेलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात काहींचे प्राण गेले. त्या वर्षीच्या क्रीडावृत्ताची कोरी जागा वाचताना हे डोळ्यांपुढे असलेच पाहिजे. फुटबॉलच्या हंगामाला त्या काळापासून तोडून पाहणे मला अन्यायाचे वाटते. मैदानात उतरणारे आणि चळवळीत उतरणारे एकाच वयाचे, एकाच वर्गातले होते.

विरोधी संघ कसे ओळखावेत

बडोदे कॉलेज 1949 पर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की विरोधी संघांची यादी अर्धी तयार होते. त्या विद्यापीठाचा पसारा मोठा होता. मुंबईची एल्फिन्स्टन, विल्सन आणि सेंट झेवियर्स, पुण्याची डेक्कन आणि फर्ग्युसन, अहमदाबादचे गुजरात कॉलेज, भावनगरचे सामळदास, जुनागढचे बहाउद्दीन, कोल्हापूरचे राजाराम, 1917 पासून धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि 1918 पासून सुरतेचे कॉलेज, अशी ती रांग जाते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची बातमी केवळ बडोद्याच्या कागदांत शोधू नये. समोरच्या कॉलेजच्या नियतकालिकातही तोच सामना असतो, आणि तो दुसऱ्या बाजूने सांगितलेला असल्याने पुरावा म्हणून अधिक मोलाचा ठरतो.

इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या वाचकाला हेच काम करायचे असेल तर पद्धत तीच ठेवावी, पण विद्यापीठ मात्र बदलते. इंदूरचे होळकर कॉलेज, जे 1891 मध्ये स्थापन झाले, आणि ग्वाल्हेरचे व्हिक्टोरिया कॉलेज ही दोन्ही 1927 नंतर आग्रा विद्यापीठाच्या कक्षेत होती, त्यामुळे त्यांचे प्रतिस्पर्धी उत्तरेकडे शोधावे लागतात.

स्थानिक सामने हा वेगळा विभाग आहे आणि तोच सर्वांत अवघड. लष्करी पलटणींचे संघ, रेल्वेचे संघ, शाळांचे संघ आणि शहरातील मंडळे यांच्याशी होणाऱ्या मैत्रीच्या सामन्यांची नोंद बहुधा एका ओळीची असते. बडोदे हे व्यायामाचे गाव होते. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकराव यांच्यामुळे मल्लविद्येला येथे मोठी प्रतिष्ठा होती, आणि हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये हुतूतूच्या अखिल भारतीय स्पर्धा स्वतःच्या नियमांनुसार भरवल्या होत्या. अशा गावात मराठी स्तंभांतून फुटबॉलला थोडी जागा मिळालेली दिसली तर नवल वाटू नये, आणि थोडी जागा म्हणजे थोडा खेळ असेही मानू नये.

प्रवासाचाही विचार करावा. अहमदाबाद बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने सुमारे 100 किलोमीटरवर होते, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परतता येई. मुंबई सुमारे 390 किलोमीटरवर, तेव्हा तेथील सामन्यासाठी किमान एक रात्र गाडीत किंवा मुक्कामात जाणारच. एका दिवशी बडोद्यात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धारवाडात सामना झाला, असे तुमच्या कागदावर उमटले तर दोहोंपैकी एक तारीख निश्चित चुकली आहे. मुंबईतील सामन्याची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नसेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: मुंबई शहराने 1955 पर्यंत स्वतःची वेळ चालू ठेवली होती आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असे.

कागद कुठे आणि कसे पाहावेत

पहिला कागद कॉलेजचे नियतकालिक. ‘बडोदा कॉलेज मिसेलनी’ या नावाने ते निघत असे आणि अगदी 1899 मध्येसुद्धा ते चालू होते. अरविंद घोष यांनी त्या वर्षी जुलैमध्ये कॉलेजच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण त्यातच छापले गेले. अशा नियतकालिकात फुटबॉल शोधताना अनुक्रमणिकेत ‘फुटबॉल’ पाहू नये, ‘जिमखाना’ पाहावे. खेळांचा अहवाल जिमखान्याच्या चिटणिसाच्या नावाने येतो आणि तो बहुधा वर्षाच्या शेवटी लिहिलेला असतो, म्हणजे ऑगस्टमधील सामन्याबद्दल मार्चमध्ये लिहिलेले. त्यात विजय ऐसपैस असतात आणि पराभव एका वाक्यात उरकलेले असतात. हे मी दोष म्हणून सांगत नाही, कारण आपल्या संघाबद्दल जिव्हाळा असलेला चिटणीस दुसरे काय लिहिणार. पण वाचणाऱ्याने ज्या सामन्यावर एकच वाक्य आहे त्यावर मुद्दाम अधिक वेळ द्यावा.

दुसरा कागद जिमखान्याचा जमाखर्च, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या ढिगात तो सर्वांत प्रामाणिक. अहवाल लिहिणारा विसरतो, बिल विसरत नाही. चेंडू आणि ब्लॅडर, म्हणजे चेंडूच्या आतली रबरी पिशवी, किती घेतले, मैदानाच्या रेषांसाठी चुना कधी आणला, पाहुण्या संघाच्या चहाफराळाला किती लागले, रेल्वेची किती तिकिटे काढली, या नोंदींवरून सामन्याची तारीख, संघाबरोबर गेलेल्या माणसांची संख्या आणि सामना घरच्या मैदानावर होता की बाहेर, हे सगळे काढता येते. फराळाचा खर्च आहे पण निकाल कुठेच नाही, असा दिवस सापडला तर तो आपल्या दिनदर्शिकेत ‘सामना झाला, निकाल अज्ञात’ म्हणून नोंदवावा.

वर्तमानपत्रांपैकी मुंबईचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि 1913 मध्ये निघालेले ‘बॉम्बे क्रॉनिकल’ यांतील क्रीडापाने विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी पाहावीत. स्थानिक सामन्यांसाठी ‘सयाजीविजय’ आणि बडोद्याची इतर पत्रे. संस्थानचे राजपत्र ‘आज्ञापत्रिका’ सामन्यांसाठी फारसे कामाचे नाही, पण सुट्ट्या, नेमणुका आणि प्राध्यापकांच्या बदल्या यांसाठी ते उत्तम आहे. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आणि कोठीच्या आवारातील अभिलेखागार या तीन ठिकाणी क्रमाने जावे. अभिलेखागारात अर्ज करताना विषयाचे नाव ‘फुटबॉल’ असे लिहिण्याऐवजी ‘शिक्षण खाते, बडोदे कॉलेज, जिमखाना’ असे लिहावे, कारण दफ्तरे खात्यांप्रमाणे बांधलेली असतात, खेळांप्रमाणे नाही. जुने कागद सहज तुटतात. पान उलटताना कोपऱ्याला न धरता मधून हात घालून उचलावे आणि छायाचित्र घेण्याआधी परवानगी घ्यावी.

त्या काळच्या नियमांचा उपयोग

जुन्या बातमीत बरीच माहिती न लिहिताच दिलेली असते, आणि ती काढायची असेल तर त्या काळचा फुटबॉल कसा खेळत हे माहीत असले पाहिजे. याच भागात मेहनतीचे चीज सर्वांत जास्त होते, म्हणून येथे घाई करू नये.

संघाची नावे छापण्याचा क्रम ठरलेला असे. आधी गोलरक्षक, मग दोन बॅक (बचावाचे), मग तीन हाफबॅक (मधल्या फळीचे) आणि शेवटी पाच फॉरवर्ड (आघाडीचे), आणि प्रत्येक ओळीत उजवीकडून डावीकडे. बातमीत खेळाडूंच्या जागा लिहिलेल्या नसल्या तरी नुसत्या अकरा नावांवरून जागा कळतात: पाचवे नाव सेंटर हाफचे, सातवे उजव्या बगलेवरच्या आउटसाइड राइटचे, नववे सेंटर फॉरवर्डचे, अकरावे आउटसाइड लेफ्टचे. नावांमध्ये अर्धविराम असतील तर ओळी कुठे तुटतात हे आणखी स्पष्ट होते. हंगामातील चार-पाच याद्या अशा रीतीने मांडल्या की कोणता खेळाडू कायम सेंटर हाफला होता, कोणाला दुखापतीमुळे किंवा परीक्षेमुळे वगळले आणि कोणत्या सामन्यानंतर कप्तानाने आघाडीची फळी बदलली, हे आपोआप डोळ्यांपुढे येते. जुन्या फुटबॉलमध्ये सेंटर हाफ हा संघाचा कणा असे, बचावही त्याच्यावर आणि चढाईची सुरुवातही त्याच्यापासून. त्यामुळे तो बदलला की निकाल बदलले का, हे अवश्य तपासावे.

बदली खेळाडूची सोय त्या काळी स्पर्धांच्या सामन्यांत नव्हती. अकरा उतरले तेच अकरा शेवटपर्यंत, आणि एखादा जायबंदी झाला तर दहा. त्यामुळे एका सामन्यासाठी बारा नावे सापडली तर एक राखीव आहे किंवा दोन याद्या एकत्र झाल्या आहेत. उत्तरार्धात संघाने अचानक तीन गोल खाल्ले असतील तर कोणी लंगडत बाहेर गेले होते का, हे बातमीच्या मजकुरात शोधावे.

बरोबरीचा सामना पेनल्टी किकांवर सोडवण्याची पद्धत 1970 पर्यंत नव्हती. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ किंवा पुन्हा सामना. एकाच संघाशी लागोपाठच्या दिवसांत दोन सामने दिसले आणि पहिला बरोबरीत सुटला असेल, तर दुसरा हा पुनर्सामना समजावा आणि दोन्ही स्वतंत्र ओळींत लिहावेत. अनेक हौशी संशोधक अशा वेळी एक तारीख चुकीची ठरवून खोडतात. त्यामुळे हंगामातील एक खरा सामना नाहीसा होतो.

ऑफसाइडचा, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या आक्रमकाला चेंडू कधी घेता येतो याचा, नियम 1925 मध्ये बदलला. त्याआधी चेंडू पुढे खेळला जाताना आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत, नंतर दोन पुरेसे झाले, आणि सगळीकडे गोलांची संख्या वाढली. म्हणून 1923 च्या संघाचे गोल 1930 च्या संघाच्या गोलांशी नुसते आकड्यांनी ताडून पाहू नयेत. तसेच गोलरक्षकाला 1912 पर्यंत आपल्या संपूर्ण अर्ध्या मैदानात हात लावण्याची मुभा होती. फार जुन्या बातमीत गोलरक्षकाने मध्यरेषेजवळ चेंडू पकडला असे वाचनात आले तर ते बातमीदाराच्या अज्ञानाचे लक्षण नसते. पाठीवर क्रमांकाची पद्धत तर इंग्लंडच्या लीगमध्येही 1939 मध्ये आली, तेव्हा चिखलात माखलेल्या बावीस जणांमधून गोल कोणी केला हे ओळखण्यात बातमीदाराची गफलत होणे स्वाभाविक होते. गोल करणाऱ्याच्या नावावर दोन कागदांचे एकमत नसेल तर मी दोन्ही नावे लिहितो.

पायांबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. अनवाणी खेळणे हे गरिबीचे किंवा मागासलेपणाचे चिन्ह समजू नये. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी केवळ 2-1 ने हरले. 1911 मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून कलकत्त्याची आय.एफ.ए. शील्ड ही स्पर्धा जिंकली ती बहुतांशी अनवाणी पायांनीच. बूट सक्तीचे झाले ते 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील युगोस्लाव्हियाविरुद्धच्या 10-1 पराभवानंतर.

संघाचा फोटो वाचणे

बडोद्यातील दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंतच्या जुन्या मराठी घरांत असा एखादा फोटो निघतोच. काचेमागचा फोटो पाहून समाधान मानू नये. घरच्यांच्या संमतीने चौकट उघडून पुठ्ठ्याची मागची बाजू पाहावी. समोरच्या पुठ्ठ्यावर छापलेली नावे नंतर घातलेली असू शकतात, मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे बहुधा जवळच्या माणसाने लिहिलेली असतात. स्टुडिओचा शिक्का असेल तर तो टिपून घ्यावा.

मग फोटोतला चेंडू पाहावा. कप्तानाच्या पायाशी किंवा मांडीवर ठेवलेला चामड्याचा चेंडू वादीने बांधलेल्या तोंडाचा असतो आणि त्यावर पुष्कळदा खडूने किंवा रंगाने वर्ष लिहिलेले असते. ते ‘1931-32’ असे जोडवर्ष असेल तर हंगाम 1931 च्या पावसाळ्याचा समजावा. केवळ ‘1932’ असेल तर तो 1932 चा पावसाळा असेल किंवा 1931-32 या वर्षाच्या शेवटी, परीक्षेपूर्वी काढलेला निरोपाचा फोटो असेल. दोहोंत निवड करण्यासाठी खुर्चीवर बसलेले प्राध्यापक कोण हे पाहावे आणि ते त्या वर्षी कॉलेजात होते का, हे मुंबई विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरमधून, म्हणजे माहितीपुस्तकातून, ताडून घ्यावे.

फोटो उलटा छापला गेला आहे का, हीही खात्री करावी लागते, कारण निगेटिव्ह उलटी धरून काढलेली प्रत घरोघर फिरलेली असते आणि मग ‘डावीकडून उजवीकडे’ दिलेली सगळी नावे चुकीच्या चेहऱ्यांना चिकटतात. प्राध्यापकांच्या कोटाकडे पाहा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि बटणे कोट घालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात. फोटोत हे उलट दिसले, किंवा ढालीवरची अक्षरे आरशातल्यासारखी दिसली, तर प्रत उलटी आहे. खेळाडूंच्या जर्सीला बहुधा बटणे नसतात किंवा मध्यावर असतात, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

नावे आणि माणसे

यादीतील ‘डी. व्ही. देसाई’ हा मराठी घरातला की गुजराती अनाविल ब्राह्मण कुटुंबातला, हे आडनावावरून सांगता येत नाही. बडोद्यात दोन्ही होते. ‘गायकवाड’ आडनावाचे एकाच वेळी तिघे-चौघे असणे तर अगदी शक्य. इंग्रजी आद्याक्षरांवरून व्यक्ती ठरवण्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालयाद्या पाहाव्यात. प्रीव्हियस, इंटर, ज्युनिअर, सीनिअर या पायऱ्यांवरून तो विद्यार्थी कॉलेजात कोणत्या वर्षांत होता हे कळते, आणि संघात तो आठ-नऊ वर्षे दिसू लागला तर ती दोन वेगळी माणसे आहेत असे धरून पुन्हा शोध घ्यावा.

1940 च्या दशकाच्या अखेरीस खेळलेले काही जण नव्वदी ओलांडून असू शकतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. त्यांना ‘कोणते साल?’ असे विचारू नये. ‘तेव्हा तुम्ही इंटरला होतात का? विद्यापीठ झाले होते का? तुमच्याबरोबर गोलात कोण असे?’ असे विचारावे. जुनी यादी आधी वाचून दाखवू नये, नाहीतर ते आदराने होकार देतात आणि तुमच्याच कागदाला तुमच्याच कागदाचा दुजोरा मिळतो. आजी असतील तर त्यांच्याशीही बोलावे. कोणत्या दिवशी सामना जिंकून कोण घरी जेवायला आले होते, हे त्यांना पक्के आठवत असते.

मांडणी

प्रत्येक सामन्याला एक ओळ द्यावी: तारीख, वार, स्थळ, विरोधी संघ, स्पर्धा की मैत्रीचा सामना, निकाल, आपले अकरा जण जागांसह, गोल करणारे, आणि शेवटी पुरावा कोणता. पुराव्याच्या रकान्यात कागदाचे नाव, अंक आणि पान लिहावे. त्याशेजारी एक लहान रकाना खात्रीचा ठेवावा: दोन स्वतंत्र कागद जुळले तर ‘पक्के’, एकच असेल तर ‘एकेरी’, केवळ आठवण असेल तर ‘तोंडी’. चिटणिसाच्या अहवालावरून वर्तमानपत्राने बातमी घेतलेली असेल तर ते दोन कागद स्वतंत्र धरू नयेत. शब्दरचना सारखी असली की हे ओळखू येते. निकालांत मतभेद असेल, समजा एका ठिकाणी 2-0 आणि दुसऱ्या ठिकाणी 3-1, तर सरासरी किंवा तडजोड करू नये. सामन्यानंतर लवकर लिहिलेला कागद वर ठेवावा, दुसरा त्याखाली ठेवावा आणि विरोधी कॉलेजच्या नियतकालिकाची वाट पाहावी.

ही सारणी पूर्ण झाल्यावरच वर्णन लिहायला बसावे, आणि ते लिहिताना पावसाला विसरू नये. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई, लांब पास अडत आणि डोक्याने खेळणे त्रासाचे होई. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता असे बातमीत असेल तर 0-0 चा निकाल निराळा दिसू लागतो. दुय्यम संघाचे सामने, हरलेले सामने आणि केवळ एकदाच उतरलेल्या खेळाडूची नावे गाळू नयेत. त्या खेळाडूच्या नातवंडांसाठी तेवढी एकच ओळ हा संपूर्ण हंगाम असतो.

काम संपले की सारणी, कागदांच्या नकला आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती यांचा एक संच हंसा मेहता ग्रंथालयाला आणि एक सेंट्रल लायब्ररीला द्यावा. फोटोची मूळ प्रत ज्या घरची त्या घरीच परत करावी. तिच्या पाठीमागे ओळखलेली नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, कारण शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते. ‘निकाल अज्ञात’ असलेल्या सामन्यांची यादी सारणीच्या पहिल्याच पानावर लावावी, म्हणजे अहमदाबादला किंवा भावनगरला त्याच वर्षाचे कागद चाळणाऱ्याला आपल्याकडे काय हवे आहे ते लगेच दिसेल.